सुंदर गाव राखायचं कुणी?

स्वित्झर्लंडहून परतल्यापासून भेटेल तो पहिला प्रश्न बर्फाचाच विचारतो. बर्फ पाहिला. ३४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राउयोखपर्यंत डोंगर पोखरून रेल्वे नेली आहे, तीही १९१२ साली, आणि वर पोचलं की आलेत्श हिमनदी समोर पसरलेली दिसते. डोळ्यांचं पारणं फिटतं. पण उन्हाळाभर लेकीकडे बर्नला राहून मी मनात जे साठवून आणलं ते बर्फाच्या बरंच खालचं आहे. ते म्हणजे तिथलं गवत.

लाउटरब्रुनेनच्या दरीत श्टाउबबाखचा धबधबा जवळजवळ ३०० मीटरवरून कोसळतो. सगळे त्याचे फोटो काढत होते. त्याच दरीत एका उभ्या उतारावर एक कुटुंब गवत कापत होतं. यंत्राच्या चाकांना घसरू नये म्हणून लोखंडी खिळे, आणि यंत्र चढ-उतार न करता उताराला आडवं चालवत होते. जिथे ते पोचत नव्हतं तिथे सत्तरीच्या आजी लाकडी दाताळ्याने गवत खाली ओढत होत्या. लेकीने त्यांना विचारलं, एवढ्याशा चाऱ्यासाठी इतके कष्ट का? त्या म्हणाल्या, काही वर्षं कापलं नाही तर झुडपं येतात, मग झाडं, आणि शेवटी रान. म्हणजे कॅलेंडरवर दिसणारी ती हिरवी कुरणं निसर्गाने आयती दिलेली नाहीत. माणसं दरवर्षी राबतात म्हणून ती टिकून आहेत.

आणि त्या राबण्याचं मोल देश देतो. शेतीने धान्य-दुधाबरोबरच भूप्रदेशही राखावा आणि दुर्गम भागातली वस्ती टिकवावी, हे त्यांनी १९९६ साली मतदान घेऊन राज्यघटनेतच घातलं. शेतकऱ्यांना सरकारकडून थेट मिळणारी रक्कम वर्षाला सुमारे २८० कोटी फ्रँक आहे. चढाच्या जमिनीला त्यातून वेगळा वाटा मिळतो, आणि उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणांवर नेण्यालाही. म्हणूनच आजींचा नातू शहरात न जाता दाताळं हातात धरतो. एवढ्यानेच धरतो असं नाही, पण याशिवाय धरलं नसतं.

वालिस भागात ट्योर्बेल नावाचं गाव आहे. तिथे १५१७ साली एक नियम लिहून ठेवलेला आहे: हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर न्यायच्या. हे वाचलं आणि मला आपल्या गोव्यातला १५२६ सालचा फोराल, म्हणजे सनद, आठवला. पोर्तुगीजांनी आपल्या गावकरीच्या, म्हणजे गावची जमीन सामाईक राखणाऱ्या संस्थेच्या, चालीरीती त्यात नोंदवल्या, कारण त्या आधीपासून चालत आलेल्या होत्या. जेमतेम नऊ वर्षांचं अंतर! सामाईक जमीन कशी राखायची हे दोन्हीकडच्या गावांना ठाऊक होतं.

आपलं त्या तोडीचं काम म्हणजे खाजन. दिवाडी, चोडण, दुर्भाट, आडपई, कुठेही जा. खाऱ्या नदीला बांध घालून मिळवलेली, भरतीच्या पातळीपेक्षा खोल असलेली ही शेतं आहेत. गोव्यात ती सुमारे १८ हजार हेक्टर सांगतात. बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारं दार, असते. भरतीचं पाणी रेटू लागलं की तिची लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, पंप नाही. माती, चिखल, दगड आणि दरवर्षी बांधावर राबणारे हात, बस्स. पावसाळ्यात पर्यटक गाडी थांबवून ज्या हिरव्यागार मळ्यांचे फोटो काढतात, ते या बांधाच्या जिवावर उभे आहेत.

१९६४ चा कुळ कायदा आणि पुढच्या दुरुस्त्यांनी कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला, आणि ते न्यायाचंच झालं. पण बांध राखण्याचं काम गावकरीकडून कुळांच्या संघाकडे गेलं, आणि पुष्कळ ठिकाणी कुणाकडेच उरलं नाही. मानशीवरच्या मासळीचा लिलाव मात्र चालू राहिला. मासळीच्या लोभाने भरतीला दारं उघडी ठेवली की खारं पाणी शेतात शिरतं. दोन-चार वर्षांत तिथे कांदळवन उगवतं आणि शेत गेलं.

दुसरी गोष्ट घरांची. तिथल्या डोंगरी गावांतून वर्षातला बहुतेक काळ बंद असलेली घरं मी पाहिली आणि मला आपली किनारपट्टी दिसली. मार्च २०१२ मध्ये स्विस जनतेने कौल दिला की कुठल्याही गावात सुट्टीपुरती वापरली जाणारी घरं २० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाहीत. कौल ५०.६ टक्के, म्हणजे अगदी निसटता. खुद्द वालिसने मोठ्या बहुमताने विरोध केला, कारण बांधकामावर तिथल्या माणसांची पोटं होती. ती भीती खोटी नव्हती. तरीही देशाने मर्यादा घातली.

असा निर्धार आपल्यातही आहे, हे मी लेकीच्या शेजाऱ्यांना अभिमानाने सांगितलं. लोक रस्त्यावर उतरले म्हणून २००७ साली गोव्यातली जमीन कशी वापरायची हे ठरवणारा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ सरकारला मागे घ्यावा लागला होता. २०२३ मध्ये भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंदी घालणारा कायदाही झाला. पण विकायची नाही म्हटलं तरी जमीन पडीक ठेवता येतेच. आणि पडीक शेतात एके रात्री मातीचे ट्रक रिकामे व्हायला लागले की शेजारच्या शेतकऱ्याचंही पाणी तुंबतं.

आमच्या बाजूचा एक बांध या पावसात खचला आहे. चवथीची गडबड संपली की येणाऱ्या ग्रामसभेत तो विषय मी मांडणार आहे. बांधाची दुरुस्ती कोण करणार, आणि मानशीच्या लिलावाचा पैसा बांधावर का खर्च होत नाही, हे विचारणार आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या वाट्याची शेतं इथे पडीक आहेत, हे मला ठाऊक आहे. कसायला दिलं तर कूळ लागेल, ही भीतीही खरी आहे. तिच्यावर लेखी कराराचा काही मार्ग निघतो का, ते गावातल्या वकिलांना विचारून पुढच्या लेखात लिहीन.