उल्हासवरचा चारा: मासे गळाच्या वीस-पंचवीस मीटर खाली का चरतात

अखेर गणित सुटलं. उल्हास नदीवर वांगणीच्या खालच्या वळणावर चारा (मासे जमवायला गळापाशी टाकायचे माती, कोंडा आणि मक्याचे गोळे) पडला की तासा-दीड तासात तळातून बुडबुड्यांच्या माळा उठतात. पण गळापाशी नाही, वीस-पंचवीस मीटर खालच्या अंगाला! चारा वाहू नये म्हणून गोळे जड करणं, माती वाढवणं हे सगळं आधीच करून झालं आहे. गोम गोळ्यात नव्हती, त्यातून सुटणाऱ्या भुकटीत होती.

पवई तलावाच्या साचलेल्या पाण्यात चारा जिथे टाकाल तिथेच राहतो. नदीत आधी वेग मोजावा लागतो. काठावर 10 मीटर अंतराने दोन काठ्या रोवायच्या आणि वरच्या काठीपासून वाळकी फांदी सोडायची. संथ दिसणाऱ्या पट्ट्यातही तिला 40 सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला 25 सेंटीमीटर. खोली 3 मीटर. मातीचा गोळा 6 सेकंदांत तळाला जातो आणि फार तर दीड मीटर सरकतो. पण तो पाण्यावर आपटला की वरचा थर सुटतो, आणि सुटलेला कोंडा सेकंदाला जेमतेम 3 सेंटीमीटर बुडतो. तळ गाठायला 100 सेकंद, तेवढ्यात 25 मीटर पार. तळाजवळ वेग कमी असतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं अलीकडे. बुडबुडे नेमके तिथेच. रोहू वासाच्या धारेने वर येतो खरा, पण वाटेतच पोट भरलं तर पुढे कशाला येईल?

म्हणून एक रॉड चाऱ्यावरच ठेवला आणि दुसरा 20 मीटर खाली, जिथे शिसं ओढताना खड्यांची टकटक थांबून मऊ गाळ लागतो त्या कडेला. खालच्या गळाला सायप्रिनस (कॉमन कार्प) लागला! ओल्या चटईवर त्याने घाण केली, त्यात नुसता कोंड्याचा भुसा. मक्याची एक साल नाही. म्हणजे वरच्या मक्यापर्यंत तो पोचलाच नव्हता. (मका खाल्लेल्या माशाच्या घाणीत साली ओळखू येतात, घशातल्या दातांनी चिरडलेल्या.)

यावरून ठरवलेलं मिश्रण: चिकणमाती 3 किलो, शेंगदाण्याची ढेप 1 किलो, उकडलेला मका दीड किलो, 100 ग्रॅम गूळ पाण्यात विरघळवून, चमचाभर भाजलेल्या मेथीची पूड. कोंडा बंद. ढेप कुटून चाळायची आणि चाळणीखालची पूड बाजूला ठेवायची. मका 24 तास भिजवून अर्धा-पाऊण तास उकडायचा. नखाने दाबला की दबला पाहिजे, पण फुटता कामा नये. गुळाचं पाणी थोडं थोडं घालायचं. जास्त झालं तर गोळा हवेतच फुटतो, कमी पडलं तर त्याला भेगा जातात. बादलीत टाकून बघा: 10 मिनिटांत कडा सुटाव्यात, अर्ध्या तासात ढीग व्हावा. माती जास्त झाली तर गोळा दिवसभर तसाच पडून राहतो.

ढेप पशुखाद्याच्या दुकानातली, घाण्याची घ्या. तिच्यात तेल उरलेलं असतं. आधी तुकडा चावून बघा, खवट लागली तर नको. रंगीत पाकिटातल्या तयार चाऱ्यात बहुतेक मैदा आणि इसेन्स; त्यापेक्षा मेथी बरी.

पाणी चढलं की हे सगळं पुन्हा मोजावं लागतं. भिवपुरीचं जलविद्युत केंद्र 1922 पासून चालू आहे आणि तिथलं पाणी उल्हासमध्येच येतं. विजेच्या मागणीप्रमाणे ते कमी-जास्त होतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पातळी हलते. 5-5 सेंटीमीटरवर खुणा केलेली काठी काठाशी रोवून ठेवा. पाणी दोन खुणा चढलं की पुन्हा फांदी सोडा. तिने 25 सेकंदांत अंतर कापलं, तर तीच भुकटी 40 मीटरवर जाणार. नदी वेगाने चढायला लागली तर सरळ सामान आवरून वर या.

गळाची जोडणी नेहमीची: 0.35 मिलिमीटरचा तंगूस, 6 नंबरचा गळ, हेअर रिगवर (आमिष गळात न खुपसता त्यामागच्या बारीक दोऱ्यावर ओवतात ती जोडणी) मक्याचे दोन दाणे. कणीक लावली की चिलापी क्षणात सोलून नेते. शिसं चपटं, 80 ग्रॅमचं. गोल असलं की गडगडत जातं. जलपर्णीचे पुंजके तंगूस ओढायला लागले तर रॉडचं टोक पाण्यात बुडवून ठेवा आणि टोकाजवळ तंगुसावर 20 ग्रॅमचं शिसं अडकवा.

आणि लिहिता लिहिता सुचलं: कोंडा बंद कशाला करायचा? मासे त्याच्यावरच येतायत. मक्याचे जड गोळे गळावर टाकायचे, आणि कोंडा व चाळणीखालची पूड ओली करून गळाच्या 25 मीटर वरच्या अंगाने त्याच धारेत सोडायची, म्हणजे ती येऊन बसेल गळावरच. दर पंधरा मिनिटांनी दोन मुठी, दर वेळी फांदीने वेग मोजून. दुसरा रॉड तोपर्यंत खालीच राहू दे. कटला मात्र यातून बाहेर. तो वरच्या थरात खातो, त्याला तरंगतं आमिष लागतं. त्याचं वेगळं बघू.