माती ते पाऊस : आमची वाटचाल

जळगावात आमच्या प्रयोगशाळेची सुरुवात माती आणि विहिरीच्या पाण्याच्या तपासणीने झाली. केळी व कपाशीच्या शेतकऱ्यांना सामू (पीएच; ७ पेक्षा कमी म्हणजे आम्लधर्मी), क्षारता, स्फुरद आणि पालाश यांचे अहवाल देणे एवढाच आमचा व्यवसाय होता. पुढे एका संशोधक विद्यार्थ्याने पावसाच्या पाण्यातील फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्ले मोजून द्याल का, असे विचारले; क्लोराइड, नायट्रेट व सल्फेटसाठी घेतलेले आयन क्रोमॅटोग्राफ (पाण्यात विरघळलेले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, वेगळे करून मोजणारे यंत्र) हाताशी असल्याने आम्ही होकार दिला. तो होकार जरा घाईचा होता.

पहिल्या खेपेचे नमुने शनिवारी संध्याकाळी आले, टेबलावरच राहिले आणि सोमवारी दुपारी यंत्रावर लागले. सल्फेट आणि नायट्रेट नीट दिसले. फॉर्मेटचे, म्हणजे फॉर्मिक आम्लापासून होणाऱ्या आयनाचे, पीक (शेतातले नव्हे, आलेखावरचे शिखर) मात्र जवळजवळ नाहीसे झालेले होते. यंत्रात दोष असेल म्हणून आम्ही दोन दिवस घालवले, प्रमाण द्रावणे नव्याने केली, आणि मग लक्षात आले की ही आम्ले सूक्ष्मजीवांचे खाद्य असून आमच्याकडच्या उकाड्यात त्यांनी ते आमच्या आधीच संपवले होते. तेव्हापासून नमुना गोळा होताच त्यात थोडे क्लोरोफॉर्म घालून तो ४ अंश सेल्सिअसला ठेवला जातो, आणि वीज गेली तर बर्फाची पेटी तयार असते.

दुसरी अडचण आमच्याच घरातली निघाली. कोऱ्या नमुन्यातही, म्हणजे निव्वळ शुद्ध पाण्यातही, ॲसेटेट (ॲसेटिक आम्लाचा आयन) दिसू लागले. मातीतील उपलब्ध पालाश काढण्यासाठी आम्ही वर्षानुवर्षे अमोनियम ॲसेटेटचे द्रावण वापरत आलो आहोत, आणि त्याच ओट्यावर, त्याच काचसामानात पावसाचे नमुने हाताळले जात होते! आता पावसासाठी वरच्या मजल्यावर वेगळी खोली आणि वेगळ्या बाटल्या आहेत. फ्लोराइड, ॲसेटेट व फॉर्मेट यंत्रातल्या स्तंभातून, म्हणजे आयन वेगळे करणाऱ्या नळीतून, लागोपाठ बाहेर पडत असल्याने आरंभी हायड्रॉक्साइडचे सौम्य द्रावण वापरून त्यांना वेगळे करावे लागते. ते सरावाने जमले.

सामू ६ च्या वर असताना पावसात आम्ल कसे, हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे स्वच्छ पावसाचा सामू सुमारे ५.६ असतो, धुळीतील चुनखडी तो वर नेते, पण उदासीन झालेल्या आम्लाचे फॉर्मेट पाण्यातच राहते आणि यंत्राला दिसते. ते झाडांच्या उत्सर्जनातून आले की पऱ्हाटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) जाळल्याच्या धुरातून, हे एकट्या आकड्यावरून सांगता येत नाही, आणि तसे आम्ही अहवालात लिहीतही नाही.

या कामातून फारसे उत्पन्न होत नाही. प्रयोगशाळेचा खर्च आजही मातीच भागवते. पाऊस सुरू झाल्यावरच नमुना गोळा करण्याचे भांडे उघडावे, ही अट आम्ही सोडत नाही, आणि उघडल्याची व झाकल्याची वेळ लिहिलेली नसेल तर नमुना परत पाठवतो. गेल्या मोसमात त्यापायी दोन ग्राहक दुरावले.