खंबाटकीत खडखडणारी अँबेसेडर

आबांची अँबेसेडर पेट्रोलची, १४८९ सीसी. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीचा चढ लागला की इंजिनात कुणी मूठभर फुटाणे टाकल्यासारखी खडखड. दोन गॅरेजांत कार्बोरेटर खोलून झाला होता. शेवटी कुणीतरी टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, मागं घेऊन दिलं. खडखड कमी झाली, पण गाडीतला जीव गेला आणि तापमानाचा काटा लाल पट्टीकडे जायला लागला.

आम्हा मेकॅनिकांतले बरेच जण टायमिंग कानानं लावतात. मीही लावलंय, खोटं कशाला बोलू! पण रेस वाढताना ठिणगी किती अंश पुढं सरकते, ते कानाला कळत नाही. ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेरे) क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो, ८०० ला पाचसुद्धा नाही. पेट्रोल पेटायला वेळ लागतोच, म्हणून वेग वाढला की ठिणगी आधी पडायला हवी. ते काम डेल्कोतली, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधली, दोन वजनं करतात.

क्रँकच्या पुलीवर पुढचे अंश नव्हते. टेपनं घेर मोजला, ४३ सेंटिमीटर. म्हणजे १० अंशांना १२ मिलिमीटर. व्हाइटनरनं खुणा केल्या, डेल्कोची व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद केलं, एक नंबरच्या प्लगवायरला टायमिंग लाइटचा, म्हणजे ठिणगीबरोबर लखलखणाऱ्या दिव्याचा, चिमटा लावला. त्या उजेडात फिरती पुली थांबल्यासारखी दिसते, पंखाही चकवतो. पोऱ्या खूण दाखवायला बोट पुढं करत होता, त्याची कॉलर धरून मागं ओढला.

आयडलला खूण ४ वर, तीही थरथरत. रेस दिली, १२०० झाले नसतील तोच टुणकन १८ वर! पुढं मात्र सावकाश. तिथंच अंदाज आला.

डेल्कोतल्या दोन स्प्रिंगा सारख्या नसतात. पातळ स्प्रिंग सुरुवातीला वजनं आवरते, जाड जरा सैल असते, ती नंतर ताणते. प्लेट उचलली, तर पातळ स्प्रिंग आकड्याशी तुटून काळ्या ग्रीसमध्ये पडलेली. वजनं मोकाट, ठिणगी फार आधी पडायची, म्हणून कमी रेस आणि भरलेला लोड असला की खडखड.

भंगारात त्याच मॉडेलचा डेल्को होता, त्यातली स्प्रिंग बसवली. मागं घेतलेलं टायमिंग परत जागेवर आणलं. आता खूण रेसबरोबर गुमान सरकत होती.

आबा खंबाटकी चढवून आले ते थेट गॅरेजात. म्हणाले, "अरे, तिसऱ्या गिअरवर अर्धा घाट ओढला तिनं! मग त्या कार्बोरेटरचे पैसे मी कशाचे दिले?"

मी हात पुसत राहिलो.