गाणे सुरू होण्याआधीची आठ मिनिटे

स्वरयंत्राच्या कर्करोगासाठी आमच्या विभागात किरणोपचार घ्यायला गिरगावातून येणाऱ्या, गोदीतल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या त्या काकांना मास्कची धास्ती होती, आणि त्यात नवल काहीच नव्हते. सुमारे 70 अंश तापलेल्या पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी आम्ही रुग्णाच्या कपाळापासून खांद्यांपर्यंत ओढून बसवतो. काही मिनिटांत ती कडक होते, आणि पुढच्या प्रत्येक सिटिंगला तीच जाळी चेहऱ्यावर चढवून टेबलाला जखडली जाते. मग आम्ही बाहेर येतो आणि जाड दार बंद होते. नातेवाइकांना भीती वाटते ती किरणांची, पण किरण जाणवतही नाहीत. जाणवते ती जाळी.

पहिल्याच दिवशी काकांनी हात वर केला, म्हणजे ‘मला बाहेर काढा’. आमच्या विभागात बासरीचे मंद संगीत लावण्याची प्रथा आहे, आणि ज्याने ते निवडले त्याला त्या टेबलावर एकदा झोपवावे असे माझे जुने मत आहे. काकांनी बसलेल्या आवाजात मागितले ते पिंक फ्लॉइड. या बँडच्या कॅसेट त्यांनी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून पैसे साठवून घेतलेल्या, आणि त्यातला पूर्वीचा गायक रॉजर वॉटर्स 2007 साली वांद्रे-कुर्ला संकुलात आला तेव्हा ते मुलाला सोबत घेऊन गेलेले. पत्नी गेली त्या वर्षीही रात्री हेच ऐकत होतो, एवढेच त्यांनी सांगितले. मी मोबाइल स्पीकरला जोडला आणि काकांचा हात पुन्हा वर आला नाही.

अडचण दुसरीच निघाली. उपचाराआधी मशीन रुग्णाभोवती फिरून मिनिटभरात सीटी स्कॅन काढते आणि ती मूळ सीटीशी जुळवूनच आम्ही किरण सोडतो. त्या दिवशी मानेची हाडे अचूक जुळली, पण स्वरयंत्र पुसट, रेघारेघांचे दिसत होते. इंटरकॉमचा आवाज वाढवल्यावर कारण कळले : काका गुणगुणत होते. स्वरतंतूंवरच्या लहानशा गाठीसाठी आखलेला, 28 सिटिंगमध्ये 63 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) देणारा उपचार. ज्या अवयवाने काही मिलिमीटरही हलू नये, त्याच अवयवाला काकांनी आधाराच्या कामी लावले होते.

संगीत बंद करा, असे डॉक्टरांनी फोनवरच सांगितले आणि भीती कमी करणारी गोळी सुचवली. ती घेऊन चर्नी रोडपर्यंत लोकलने एकटे कसे जायचे, याचा विचार ओपीडीच्या गर्दीत कोण करणार? उपाय काकांनीच काढला. याच बँडच्या 1975 सालच्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ या रचनेत आठ मिनिटांहून अधिक काळ कोणी गातच नाही, तेवढ्यात तुमचे काम उरका, असे ते म्हणाले. सीटी, जुळवणी, दोन फेऱ्यांत किरण : सगळे सुरळीत चालले तर आठ मिनिटे पुरतात. बाहेरच्या बाकावर, केमोने केस गेलेल्या एका तरुणाला ते या रचनेची हकीकत सांगताना मी ऐकले होते. ती बँडपासून दुरावलेल्या सिड बॅरेट या मित्राला उद्देशून आहे, आणि तिचे काम चालू असताना तो डोके आणि भुवया भादरून स्टुडिओत आला तेव्हा जुन्या सोबत्यांनी त्याला ओळखलेही नाही. तरुण हसला होता.

दुसऱ्या दिवशी सीटी स्वच्छ आली, आणि पहिल्या फेरीच्या मध्यावर मशीन थांबले. किरणांच्या झोताला गाठीचा आकार देणाऱ्या टंगस्टनच्या पट्ट्यांपैकी एक अडकली होती. ही तक्रार आमच्याकडे नित्याची आहे. पट्टी हलवणारी मोटर बदलण्याची मागणी कोणत्या टेबलावर पडून आहे हे सर्वांना ठाऊक असते. फिजिसिस्ट येऊन पट्टी मोकळी करेपर्यंत सात मिनिटे उलटत आली. मी इंटरकॉमवर विचारले, ‘काका, पहिल्यापासून लावू का?’ त्यांनी अंगठा दाखवला. ‘इथे डीजे नेमला आहे की टेक्नॉलॉजिस्ट?’ असे आमचे इन्चार्ज मागून म्हणाले. मी उत्तर दिले नाही, पुन्हा सीटी काढली आणि उरलेला उपचार पूर्ण केला. बाहेर आल्यावर काका पुटपुटले, ‘तो तुकडा मध्येच तोडणे हे पाप आहे, पण तुमचे मशीनच तसले.’

तिसऱ्या आठवड्यानंतर त्यांचा आवाज पूर्णच बसला, जो या उपचारात बसतोच, आणि तरीही ते रोज त्याच रचनेवर निश्चल पडून राहिले. निश्चल म्हणजे सीटीच्या त्या एका मिनिटापुरते, हे मला मान्य करावे लागते. किरण चालू असताना घसा आम्हाला दिसत नाही. शब्द नसलेली ती गिटारही ते आवाज न काढता मनात आणि घशात म्हणत असतील का? म्हणत असतील तर ते थांबवणे योग्य ठरले असते का? डॉक्टरांच्या मते हा प्रश्नच नाही, कारण गाठ विरघळली आहे. मला मात्र तो अजून पडतो, विशेषतः बासरीचा पेनड्राइव्ह पुन्हा लावला गेल्यापासून.

तपासणीला आले तेव्हा काकांचा आवाज बऱ्यापैकी उघडला होता. त्यांनी रिपोर्टबद्दल काही विचारले नाही. तुमच्या खोलीतला उजवा स्पीकर बंद आहे, मला अर्धेच संगीत ऐकवलेत, अशी तक्रार केली. ती मी रजिस्टरमध्ये मोटरच्या मागणीखाली नोंदवली आहे.