टोकाशी उरलेली मेंदी

शनिवार, रात्री ९.३०

भाचीच्या साखरपुड्याआधी केस थोडे उजळ करून घ्यावेत म्हणून आज खानापुराहून सकाळच्या बसने बेळगावला, टिळकवाडीतल्या पार्लरमध्ये गेले. खुर्चीत बसताच तिथल्या ताईंनी विचारले, "काकू, याआधी केसांना काय काय लावलंय?" मी सहज "काहीच नाही" म्हणून गेले. त्यांनी वेणी सोडली, टोके खिडकीच्या उजेडात धरली आणि ती लालसर का दिसतात असे विचारले, तेव्हा कुठे मला दोन वर्षांपूर्वी बाजारातून आणलेली पाकिटातली काळी मेंदी आठवली.

केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे माझ्या ३० सेंटिमीटर केसांच्या टोकाशी अडीच वर्षांपूर्वीचे सगळे अजून शिल्लक आहे, हे मला आजवर कधी सुचलेच नव्हते. अशा काही पाकिटांमध्ये धातूंचे क्षार असतात आणि ब्लीचमधल्या पेरॉक्साइडशी त्यांची गाठ पडली, की केस तापतात व तुटतात, असे ताईंनी समजावले. त्यांनी मानेजवळची चार-सहा केसांची बट टोकापर्यंत कापून काचेच्या वाटीतल्या मिश्रणात टाकली. थोड्या वेळाने बटेभोवती बारीक बुडबुडे आले आणि वाटीला बोट लावले तर ती कोमट लागली. हेच माझ्या डोक्यावर झाले असते.

त्यांनी रंगाचे काम नाकारले आणि फक्त टोके कापून दिली. मला वाईट वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे: माझ्यासाठी त्यांनी दोन तास राखून ठेवले होते आणि त्याच वेळेसाठी फोन करणाऱ्या एका बाईंना माझ्यासमोरच कन्नडमध्ये नकार दिला होता. वेळ ठरवतानाच मी खरे सांगितले असते, तर ते तास वाया गेले नसते. रंगाची ॲलर्जी नाही ना हे बघायला, रंगाच्या ४८ तास आधी कानामागे चाचणी करून घ्यायला ताई नेहमी बोलावतात. तेवढ्यासाठी खानापुराहून पुन्हा फेरी कशाला, म्हणून मी ते आजवर टाळत आले. तेही चुकीचेच होते.

घरी आल्यावर कपाट उपसले. मेंदीचे जुने पाकीट सापडले, मागची घटकांची यादी अजून वाचता येते. ते पर्समध्ये ठेवले आहे; मंगळवारी आधी फोन करून मगच ताईंकडे घेऊन जाईन.