आमची वाटचाल : जाडी विचारा, मग भाव

भोसरीच्या गाळ्यात आम्ही सुपरकपॅसिटरचे, म्हणजे वीज झटपट साठवून झटपट सोडणाऱ्या डब्याचे, इलेक्ट्रोड कोट करू लागलो, म्हणजे फॉइलवर कार्बनचा लेप देऊ लागलो, तेव्हा बाजारात ॲक्टिव्हेटेड कार्बनचंच राज्य होतं. आम्ही ग्राफीन धरलं, म्हणजे अणूभर जाडीचा कार्बनचा थर. कागदावर त्याचं पृष्ठफळ, जिथे वीज साठते, ग्रॅमला 2630 चौरस मीटर. पण सुकताना त्याचे थर ओल्या पापडांसारखे एकमेकांना चिकटतात आणि आयनांना (वीज वाहणाऱ्या कणांना) आत शिरायला वाटच राहत नाही. मध्ये कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) घालून थर सुटे ठेवायचे, ही आमची खरी कमाई.

त्यातला निम्मा वाटा आमच्या भागीदार काकांचा. मूळचे ऑफसेट छपाईतले. स्लरी (लेपाचा ओला लगदा) काचेवर कशी ओघळते एवढं बघून "अजून फिरू दे" म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी कोटिंगला एक तडा नसायचा. डॉक्टर ब्लेडला, म्हणजे लेप सारखा पसरवणाऱ्या पात्याला, तर ते दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत.

मग एक प्रतिस्पर्धी आला. त्याच्या तक्त्यात ग्रॅममागे फॅरड (वीज साठवण्याच्या क्षमतेचं माप) आमच्या जवळजवळ दुप्पट. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एका मीटिंगमध्ये हातचं गेलं. हप्ते थकले, कोटिंग दाबायचा रोल प्रेस विकायला काढला. आणि त्याचं कोटिंग किती होतं? चौरस सेंटिमीटरला जेमतेम 1 मिलिग्रॅम! तक्त्यातला ग्रॅम फक्त कोटिंगचा; खालची 20 मायक्रॉनची ॲल्युमिनियम फॉइलच 5.4 मिलिग्रॅम भरते. एवढ्या पातळ थरात कुठलाही माल चमकतो. 10 मिलिग्रॅमला चमकवून दाखवा. गोगोत्सी आणि सिमॉन या संशोधकांनी 2011 मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात हे बजावलं होतं. ते गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाने वाचलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

वाचवलं चाकणच्या एका मॅडमनी. त्या वीज गेल्यावरही मीटर चालू ठेवणारे बॅकअप बोर्ड बनवतात. त्यांनी तक्ते बाजूला ठेवले, दोघांचे इलेक्ट्रोड एकाच मापाच्या डब्यांत भरले आणि फक्त मीटर किती वेळ चालू राहतो ते मोजलं. आमचा डबा कितीतरी जास्त वेळ चालला. त्याच आठवड्यात ॲडव्हान्स आला. रोल प्रेस गाळ्यातच राहिला.

पुढची वर्षं बरी गेली.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांनो, इलेक्ट्रोड सुकवणाऱ्या व्हॅक्यूम ओव्हनवर पैसे वाचवू नका. सेंद्रिय इलेक्ट्रोलाइटमध्ये (सेलमधल्या द्रावात) पाण्याचा अंश गेला की 2.7 व्होल्टला सेल फुगलाच समजा. आणि सॅम्पल घेताना मायक्रोमीटर खिशात ठेवा. कोटिंगची जाडी आणि चौरस सेंटिमीटरचं वजन लिहून देत नसेल, त्याच्याशी भावाचं बोलूच नका. आम्ही दोन्ही आकडे प्रत्येक रोलच्या लेबलवर छापतो.