अल्बुकर्कीची मॅच आणि बिचारे पिचर

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात आलेली माणसं व्हाइट सँड्सला जातात, सांता फेला जातात, आणि आम्ही काय केलं तर भर उन्हाळ्यात बेसबॉलची मॅच बघायला गेलो, तीही मायनर लीगची, म्हणजे ज्यांची नावं आपल्याला कोणाला माहीत नाहीत अशा पोरांची. बरोबरच्या मंडळींनी आधी नाकं मुरडली, पण तिकीट मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या मानाने खूपच स्वस्त म्हटल्यावर सगळे गप गाडीत बसले.

मॅच होती ते अल्बुकर्की शहर समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांच्या वर आहे. वाळवंट म्हटल्यावर वाळूच्या टेकड्या, उंट वगैरे डोक्यात असेल तर काढून टाका, इथे खुरटी झुडपं, करडी-तपकिरी जमीन आणि ईशान्येला सँडियाचे डोंगर, जे संध्याकाळी खरंच गुलाबी होतात. आम्ही पार्किंगमध्येच तोंड वर करून उभे राहिलो आणि पहिली इनिंग अर्धी चुकवली. हवा इतकी कोरडी की घाम आलाय हे कळतच नाही, ओठ मात्र अर्ध्या तासात फुटतात.

टीमचं नाव आयसोटोप्स, आणि त्याची गोष्ट भारी आहे. इथली जुनी टीम ड्यूक्स, ती २००० च्या सीझननंतर पोर्टलंडला निघून गेली. मग २००१ मध्ये सिम्पसन्स या कार्टून मालिकेचा एक एपिसोड आला, त्यात मालिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावाची आयसोटोप्स टीम गुपचूप अल्बुकर्कीला हलवायचा मालकाचा डाव असतो आणि तो उघडा पाडायला मालिकेतला होमर चक्क उपोषणाला बसतो! २००३ ला खरोखरच नवीन टीम आली तेव्हा लोकांनी मतं देऊन हेच नाव निवडलं. अण्वस्त्रांवर काम करणारी सँडिया लॅब गावात, पहिला अणुबॉम्ब बनवला ते लॉस अलामोस दोन तासांच्या आत, त्यामुळे नाव तसंही शोभतंच म्हणा. स्टेडियममध्ये बाकावर बसलेला होमरचा पुतळा आहे, त्याच्याशेजारी बसून फोटो काढायला लाइन असते, आम्ही पण लागलो.

पण मला मुख्य सांगायचंय ते हवेबद्दल. या उंचीवर हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण १५ टक्के विरळ. त्यामुळे खाली जो फटका ४०० फूट जाईल तो इथे आणखी २० एक फूट जातो, म्हणजे आउटफिल्डरच्या, लांब मागे उभ्या फील्डरच्या हातात पडणारा साधा कॅच सरळ भिंतीपलीकडे, होमरन. आमच्यासमोर असं इतक्या वेळा झालं की पहिल्या होमरनला उड्या मारणारे आम्ही नंतर नाचोज खाता खाता नुसती मान वर करत होतो.

आणि मार नुसता बॅटचा नाही. कर्व्हबॉल वळतो तो फिरणारा बॉल हवेला ढकलतो म्हणून, लेगस्पिनरचा बॉल हवेत ड्रिफ्ट होतो त्यामागेही हेच तत्त्व. ढकलायला हवाच कमी असेल तर बॉल वळणार कसा? म्हणजे पिचरने, बॉल टाकणाऱ्याने, जन्मभर घोटलेलं अस्त्र इथे अर्धवट चालतं. त्यात कोरड्या हवेत बॉलचं चामडं वाळतं, बॉल हलका आणि टणक होतो आणि बॅटवरून अजून जोरात उडतो. यावर उपाय म्हणून डेन्व्हरला २००२ पासून बॉल ह्युमिडॉरमध्ये ठेवतात, म्हणजे ठरावीक दमट हवा राखणारी खोली.

डेन्व्हरचं नाव आलं कारण आयसोटोप्स ही कोलोरॅडो रॉकीज या डेन्व्हरच्या मेजर लीग टीमची ट्रिपल-ए टीम, मेजर लीगच्या बरोबर एक पायरी खाली. म्हणजे इथे मार खाणाऱ्या पिचरला प्रमोशन मिळून जायचं कुठे, तर ५२८० फुटांवरच्या डेन्व्हरला, अजून विरळ हवेत. मला तर हसावं का रडावं कळेना. २०२३ च्या करारानुसार ट्रिपल-एमधला किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर आणि त्याच वर्षी मेजर लीगचा किमान ७,२०,००० डॉलर. मधे फक्त प्रमोशनचा एक फोन कॉल. आणि तो फोन यायच्या आधी कुणीतरी तुमचे खेळातले आकडे बघणार, ते आकडे तुम्ही या असल्या हवेत कमावलेले. क्लबवाले उंचीचा हिशेब धरतात, मान्य आहे, पण एका इनिंगमध्ये तीन होमरन खाऊन डगआउटकडे, म्हणजे टीमच्या बाकांकडे चालत येणाऱ्या पोराला ते समजावून सांगा बघू. पाचव्या इनिंगपासून मी उघडउघड पिचरच्या बाजूने ओरडायला लागलो, दोन्ही टीमच्या. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून दोनदा बघितलं.

अंपायरचा निर्णय पटला नाही की खेळाडू दाद मागायला हेल्मेटवर टपली मारतो आणि लगेच स्क्रीनवर 'स्ट्राइक' (पिचरने नीट टप्प्यात टाकलेला) का 'बॉल' (बाहेर गेलेला) ते दिसतं. मेजर लीगमध्ये हे २०२६ पासून आलं, ट्रिपल-एमध्ये त्याआधी काही वर्षं यावर प्रयोग चाललेले. तेवढ्यात तरी पिचरला कधीतरी न्याय मिळतो.

खायला ग्रीन चिली चीजबर्गर घ्या. न्यू मेक्सिकोत मिरची हा गंभीर विषय आहे, 'रेड ऑर ग्रीन?' हा राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, खरंच, विधिमंडळाने ठरवलेला, आणि दोन्ही हवं असेल तर 'ख्रिसमस' म्हणायचं. तिखट म्हणाल तर आपल्याला काहीच नाही, पण भाजल्याचा वास अप्रतिम.

जाणार असाल तर सोमवार टाळा, मायनर लीगमध्ये सिरीज मंगळवार ते रविवार असते आणि सोमवारी सहसा सुट्टी. शक्य असेल तर आउटफिल्डच्या गवताच्या उतारावरचं तिकीट काढा, चादर टाकून लोळत मॅच बघता येते आणि होमरनचे बॉलही तिकडेच येतात, फक्त बॅटर मैदानात असताना मोबाईलमध्ये डोकं घालू नका. सनस्क्रीन आणि स्वेटर दोन्ही न्या, सूर्य गेला की हवा भराभर गार होते.